सहा वर्षांखालचे मूल कोणाच्या खात्यावर?



चातुर्मास आला की आपल्या मंडळात चार दानांवर बोलणे होतेच. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. ऐकताना दरवेळी माझ्या मनात येते, की या चारही गोष्टींची सगळ्यात जास्त गरज कोणाला असते? दोन-तीन वर्षांच्या मुलाला. त्याला वेळेवर खायला लागते, तापात कोणीतरी जवळ लागते, बोलायला शिकवणारे लागते, आणि आई नजरेआड झाली तरी भीती वाटणार नाही अशी जागा लागते. या वयासाठी आपल्या देशात पुरेशी व्यवस्था नाही, आणि ती सरकारने आपल्या पैशाने करावी, असे माझे ठाम मत आहे. दान म्हणून नव्हे, रस्ता आणि पाणी देते तशी.

आधी कायदा बघू. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनासाठी आणि शिक्षणासाठी मात्र राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच म्हटले गेले. म्हणजे सहावा वाढदिवस झाला की मूल सरकारचे, तोवर आईचे! आणि 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वतःच सांगते, की मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते. घराचा पाया घालताना हात आखडता घ्यायचा आणि वरचा मजला बांधताना बिल मंजूर करायचे, असा हा हिशेब आहे.

तुम्ही म्हणाल, अंगणवाडी आहे की. आहे, आणि तिचा आपल्याला अभिमान असायला हवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि गरिबाचे मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पण ती भरते काही तास. दुपारी कुलूप लागते. तीन वर्षांखालच्या मुलाला तर घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर बसायला जागा मिळत नाही. बाईचे काम मात्र दुपारी संपत नाही.

आमच्या सांगली भागात बघा. तासगावकडे बेदाणा निवडायला बायका सकाळी जातात त्या संध्याकाळी परततात. हंगामात ऊसतोडीला मराठवाड्यातून कुटुंबे येतात, त्यांची लेकरे फडाच्या कडेला चिपाडात खेळतात. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणारी ताई धाकट्याला थोरलीच्या हवाली करून येते. थोरली आठ वर्षांची आहे. तिला शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे, पण भावाला कडेवर घेऊन तो वापरायचा कसा? लहानग्याची सोय नसली की एका मुलाचे नव्हे, दोघांचे नुकसान होते.

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. चांगलेच झाले. पण या ताईच्या कामाच्या ठिकाणी कर्मचारी किती? एक. ती स्वतः. आपल्या दुकानांत, क्लिनिकांत, पापड-मसाल्याच्या घरगुती उद्योगांत तरी पन्नास माणसे कुठे असतात?

आता आपल्यातले नेहमीचे तीन आक्षेप घेते.

पहिला, “आजी आहे ना घरात.” मैत्रिणींनो, मी स्वतः साठी ओलांडलेली आजी आहे. नातवंडांचा सहवास हे सुखच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुख वेगळे आणि रोजची दहा तासांची ड्युटी वेगळी. पळणाऱ्या मुलामागे धावायला गुडघे लागतात. आपल्यातल्या किती जणींचे प्रवचन, स्वाध्याय, तीर्थयात्रा, इतकेच काय, मोतीबिंदूचे ऑपरेशनसुद्धा “नातू शाळेत जायला लागला की” म्हणून पुढे ढकललेले आहे, ते आठवा. बी.कॉम.ला आम्हाला शिकवले होते, की ज्या गोष्टीचे पैसे मोजावे लागत नाहीत तीही फुकट नसते, तिच्यासाठी काय सोडले ती तिची किंमत. शिवाय आजी सगळ्यांकडे असतेच असे नाही. माझी भाची पुण्यात आहे, सासू-सासरे गावी. तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा पाळणाघरात जातो. “मग नोकरी सोड” हा सल्ला तिला सगळे देतात, तिच्या नवऱ्याला अजून एकानेही दिलेला नाही.

दुसरा आक्षेप, “आमच्या करातून दुसऱ्यांची मुले का सांभाळायची?” सरकारने पूल बांधला तर त्याला भांडवली खर्च म्हणतात, कारण त्याचा उपयोग पुढे अनेक वर्षे होतो. अंगणवाडीताईचा पगार मात्र महसुली खर्चात जातो, जणू संध्याकाळपर्यंत संपून जाणारी वस्तू! नीट खाल्लेले, नीट बोलायला शिकलेले मूल पुढे चाळीस वर्षे कमावते आणि कर भरते. आज त्याची आई कामावर टिकली तर तीही कमावते. अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगार सरकार देते, त्याला कोणी लाड म्हणत नाही. मग सहा वर्षांखाली तोच पैसा लाड कसा होतो?

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे: “आपला समाज करील की.” करील, आणि करावेच. दक्षिण भारत जैन सभा 1899 ची. गावाकडच्या मुलांना शिकता यावे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी जैन बोर्डिंगे काढली. कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली. पण पंचकल्याणकातल्या सवालाच्या पैशातून एखादे पाळणाघर निघेल, चार निघतील. दरवर्षी, दर वस्तीत, पगार न चुकता चालवायची तर सरकारी तिजोरीच लागते. ऊसतोडीच्या कोपीपर्यंत आपला ट्रस्ट पोहोचणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित काहींना रुचणार नाही. 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात अंडी देण्याचा राज्य सरकारचा निर्णय आला, तेव्हा शाकाहारी समाजांतून विरोध झाला. मी जन्माने आणि मनाने शाकाहारी आहे, ती भावना मला कळते. पण मुलांच्या ताटातले काही नको म्हणायला आपण सरकारच्या दारी जात असू, तर त्या ताटात दूध, डाळ, शेंगदाण्याची चिक्की, फळे पुरेशी यावीत हे मागायलाही गेलेच पाहिजे. तिथे आपली निवेदने दिसत नाहीत. अहिंसेची आपली भाषा दुसऱ्याच्या भुकेल्या मुलापर्यंत एवढीच पोहोचली, तर तो आपला उणेपणा आहे.

सरकार काहीच करत नाही असे नाही. 2022 पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे आणि 6 महिने ते 6 वर्षांची मुले दिवसभर सांभाळायची. कल्पना उत्तम! उद्दिष्ट किती? देशभरात 17,000. चौदा लाखांना सतरा हजारांनी भागा. ब्याऐंशी अंगणवाड्यांमागे एक.

आणि जी ताई हे सांभाळणार, तिचे काय? 2018 मध्ये केंद्राने अंगणवाडी सेविकेचे मूळ मानधन महिना 4,500 रुपये केले, त्यावर राज्य आपली भर घालते. ‘मानधन’ हा शब्दच बघा! मान द्यायचा, पगार नाही. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा 2022 मध्ये तो हक्क मान्य झाला. आपण सोने तोलून घेतो, मूग निवडून घेतो, पाणी गाळून पितो. मुले सांभाळणारीच्या बाबतीतच ‘स्वस्तात कोण मिळेल’ हा प्रश्न का? चांगले पाळणाघर म्हणजे भिंतीवरची कार्टूनची चित्रे नव्हेत. थोडीच मुले, शिकलेली आणि टिकून राहणारी ताई, स्वच्छ मोरी, ताजे अन्न, दुपारची झोप आणि गोष्ट सांगायला वेळ. ताई दर सहा महिन्यांनी बदलली तर बाकी सगळे असून उपयोग नाही.

तर आपण काय करायचे? या चातुर्मासात प्रत्येक मंडळाने एक निवेदन लिहावे. मागण्या तीनच. आपल्या भागातल्या अंगणवाड्यांना पाळणा योजना मिळावी आणि त्या बायकांच्या कामाच्या वेळेनुसार उघड्या राहाव्यात. सेविका आणि मदतनिसांना मानधनाऐवजी नियमित पगार मिळावा. मुलांच्या आहारासाठी पुरेसा, वेळेवर निधी यावा. एक प्रत आमदारांना, एक जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला. सह्या करताना आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचीही सही घ्या, पहिली तिचीच घ्या. आणि निवेदन देण्याआधी आपल्या गल्लीतली अंगणवाडी एकदा आत जाऊन बघून या. आपल्यातल्या बहुतेक जणींनी ती बाहेरूनच पाहिली आहे.

जय जिनेंद्र.