फुकट फाइलझिलाचं बिल कोण भरतं?

फाइल पाठवायची म्हणजे व्हॉट्सॲप, असं ज्यांना वाटतं त्यांना फाइलझिला हे नाव डायनासोरचं वाटेल. पण गेल्या वीसेक वर्षांतल्या असंख्य वेबसाइट्स याच प्रोग्रॅममधून सर्व्हरवर चढल्या आहेत. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, खाली फाइलींची रांग. मध्येच नेट गेलं, तर अर्धी राहिलेली फाइल तिथूनच पुढे सुरू करता येते. एवढंच काम, पण चोख.

तो ज्यावर उभा आहे, त्या एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१चा. लिहिणारे अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे, तेव्हा एमआयटीत. फाइलझिला मात्र जानेवारी २००१मधला, टिम कोसे आणि त्याच्या दोन वर्गमित्रांचा कॉलेज प्रोजेक्ट. बाजारात असे प्रोग्रॅम आधीच ढिगाने होते. आपला एकही विकला जाणार नाही, असं वाटून पोरांनी तो ओपन सोर्स केला.

मग जगाने तो वापरला. फुकट.

२०१३मध्ये सोर्सफोर्जवरून मिळणाऱ्या त्याच्या इन्स्टॉलरसोबत दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या जाहिराती येऊ लागल्या. उत्पन्नातला वाटा प्रोजेक्टला मिळणार होता. लोक खवळले. खवळणं रास्तच होतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबणाऱ्याच्या गळ्यात नको ते मारणं ही फसवणूकच. पासवर्ड साध्या मजकुरात साठवण्याबद्दलही लोक वर्षानुवर्षं ओरडत होते. मास्टर पासवर्डची सोय यायला २०१७ उजाडलं. या दोन्ही गोष्टींची मी वकिली करणार नाही.

माझा राग दुसरीकडे आहे. शिव्या घालणाऱ्यांतल्या किती जणांनी त्याआधी एक रुपया दिला होता? मी ज्या कंपनीत होतो, तिथे असल्या फुकट प्रोग्रॅमांवर क्लायंटची कामं चालायची आणि बिलं डॉलरमध्ये जायची. थोडी देणगी देऊ या म्हटलं, तर उत्तर आलं, "फुकट आहे ना? मग पैसे कशाला?" त्याच आठवड्यात टीम लंचचं बिल मात्र बिनबोभाट पास झालं.

हीच आपली खोड. आपण फुकट वस्तूचे गिऱ्हाईक होतो आणि हक्क मात्र मालकाचे सांगतो. देखभाल करणाऱ्याला घरभाडं असतं, हे आठवतच नाही. मग तो जाहिरातवाल्याच्या दारात जातो किंवा काम सोडून देतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

२०२१मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने एफटीपी काढून टाकलं. ब्राउझरवाल्या बड्या कंपन्यांना नको झालेलं ओझं वाहायला शेवटी असलेच छोटे प्रोग्रॅम उरतात.

तेव्हा तुमच्या लॅपटॉपवर बघा. रोज लागणारा एक तरी फुकट प्रोग्रॅम सापडेल. त्याला एका चहा-वडापावचे पैसे पाठवा. तेही नसतील, तर एखादा बग नीट लिहून कळवा. आणि नोकरी करत असाल, तर पुढच्या मीटिंगमध्ये देणगीचा विषय काढा. लोक हसतील. हसू द्या. सर्व्हर पडला की तेच लोक रात्री दोन वाजता हाच प्रोग्रॅम उघडून बसतात.