पडलेल्यांचा तमाशा

३ डिसेंबर २०२४ रोजी, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, दादरच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटगुरू रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यांचे दोन शिष्य उपस्थित होते. एक सचिन तेंडुलकर; दुसरे विनोद कांबळी. थकलेले कांबळी खुर्चीत बसून होते आणि मित्राचा धरलेला हात त्यांना सोडवत नव्हता. काही क्षणांचे ते दृश्य पाहता पाहता देशभरच्या मोबाईलवर पोहोचले. आपल्या धर्मग्रामातील भाविकांच्या गटांवरही ते फिरले आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे उमटली. आगमनकाळाचा तो पहिलाच आठवडा होता!

हसणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. १९८८ साली हॅरिस शील्ड स्पर्धेत याच दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तीत कांबळींच्या धावा होत्या ३४९ आणि सचिनच्या ३२६. १९९३ साली कांबळींनी लागोपाठच्या दोन कसोटी सामन्यांत द्विशतके झळकावली. त्या वेळी आपण टाळ्या पिटल्या, मुलांना त्यांचे उदाहरण दिले. ज्याने आपल्याला एवढा आनंद दिला, त्याच्या दुःखाच्या काळी आपले काहीच देणे लागत नाही काय?

“त्यांनी हे स्वतःच ओढवून घेतले,” असे उत्तर येते. आपल्या मद्यपानाविषयी कांबळी स्वतः जाहीरपणे बोलले आहेत. ते लपविण्याचे कारण नाही. पण उधळ्या पुत्रानेही सारे स्वतःच ओढवून घेतले होते. त्याच्या चुकांचा हिशेब मांडला तो थोरल्या भावाने, बापाने नव्हे. या दाखल्यात आपली जागा कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आपल्या कितीतरी चर्चच्या सभागृहांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा भरतात. तिथे येणाऱ्याचे आडनाव कोणी विचारीत नाही. ऐकलेली गोष्ट बाहेर जात नाही. पडलेला माणूस उठायचा तर आधी त्याची लाज झाकावी लागते, हे त्या चळवळीने ओळखले आहे. आपल्या भावाला, मुलाला आपण हा आडोसा देतो. मग प्रसिद्ध माणसाला तो का नाकारतो? गरिबाची लाज त्याच्या आळीपुरती असते. याची लाज साऱ्या देशाने पाहिलेली असते. त्याला आडोशाची गरज अधिकच आहे.

“हजारो अनाम गरीब असताना या एकेकाळच्या श्रीमंतांची कणव कशाला?” असाही प्रश्न विचारला जातो. करुणा ही काही रेशनच्या दुकानातली साखर नव्हे, की एकाला दिली म्हणून दुसऱ्याला कमी पडावी. आणि माझा अनुभव असा, की हा प्रश्न विचारणारे त्या अनाम गरिबाच्या दारीही क्वचितच गेलेले असतात.

इतरांना बोल लावताना माझाही दोष मला कबूल केला पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका प्रवचनात मी भगवानदादांची गोष्ट सांगितली. १९५१ च्या ‘अलबेला’ने वैभवाच्या शिखरावर नेलेला हा नट पुढे बंगला-मोटारी गमावून दादरच्या चाळीत राहिला आणि २००२ साली वारला. ऐहिक संपत्तीच्या नश्वरतेचा मासला म्हणून मी ते उदाहरण वापरले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ पवित्रालयात आले. तरुणपणी ते दादरला राहत असत. म्हणाले, “फादर, गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची. बँड त्यांचे गाणे वाजवायचा आणि दादा खाली उतरून नाचायचे. आम्ही त्यांना बघायला थांबत नव्हतो. त्यांच्याबरोबर नाचायला थांबत होतो.” मी निरुत्तर झालो. दाखल्यातील याजक जखमी माणसाला टाळून पलीकडून निघून गेला. मी तर त्या जखमेवर प्रवचन केले होते.

प्रिय वाचकहो, कांबळींच्या औषधपाण्याची व्यवस्था आपल्या हाती नाही. पण ते दृश्य पुढे न पाठवणे आपल्या हाती आहे. आणि आपल्याही धर्मग्रामात एके काळचे गाजलेले गायक, व्हायोलिनवादक, फुटबॉलपटू, नट आहेत. काही आजारी आहेत, काही व्यसनाने खंगले आहेत, आणि लोकांच्या नजरा चुकवण्यासाठी काही मिस्सालाही येत नाहीत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्यासाठी ख्रिस्तशरीर घेऊन जातो, तेव्हा बहुधा एकटाच असतो. पुढच्या वेळी कोणीतरी बरोबर यावे. तासभर बसावे, त्यांच्या जुन्या सामन्याची, जुन्या गाण्याची आठवण काढावी. मोबाईल मात्र घरी ठेवून यावे.