लेखावर नाव नसते



घरात कोणी इतिहासात एम.ए., पीएच.डी. करीत असेल, तर ‘लेख धाडून आठ महिने झाले, छापून का आला नाही?’ म्हणून त्याला टोचू नका.

अमेरिकेत ‘स्पेक्युलम’ नावाचे मध्ययुगाच्या अभ्यासाचे त्रैमासिक १९२६ पासून निघते. लॅटिनमध्ये स्पेक्युलम म्हणजे आरसा. इ.स. ५०० ते १५०० चा युरोप हा त्याचा मुख्य विषय. आलेला लेख जाणकारांकडे तपासायला जातो, पण लेखकाचे नाव काढून. तपासणारा कोण, हे लेखकालाही कळत नाही. म्हणून ‘माझ्या मागील निबंधात मी म्हटले आहे’ असेदेखील लिहायचे नसते! आडनाव वाचून माणसाची किंमत करणारे आपण पुष्कळ पाहिले. इथे तपासणाऱ्यापुढे आडनावच नसते. (कचेरीत ठाऊक असते, हे खरे.)

एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. दिल्लीतून १९९८ साली सुरू झालेले ‘द मिडिव्हल हिस्टरी जर्नल’ आपल्याकडच्या विषयांना जवळचे. नकार आला, तर सोबतचे शेरे फाडून टाकू नका. ती फुकटची शिकवणी आहे. लेख दुरुस्त करावा आणि दुसरीकडे धाडावा.