वसनेच्या थडीवरील शंख

कोरेगांवच्या मुलांना वसनेच्या दरडींत रुतलेला नखाएवढा शंख दिसला, तर त्यांनीं तो लागलीच खिशांत घालूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. आंतला जीव मेल्यावर पुराचा बारीक गाळ लौकर बसला, तर कवचाचा चुरा होत नाहीं. आणि त्या मातींत चुनखडी असली, तर चुन्याचें तें कवच सहसा विरघळतही नाहीं. त्यांतील कर्बावरून सुमारें ५०,००० वर्षांपर्यंतचें वय अजमावतां येतें. पण थर ठाऊक नसेल, तर त्या वयाचा नदीच्या इतिहासाला काय उपयोग?

नदीच नव्हे, जुन्या तळ्यांचा गाळही शंख राखतो. नागपुराजवळ टाकळी येथें पाद्री स्टीफन हिस्लॉप यांस काळ्या पाषाणाच्या थरांमधील अशा गाळांत गोड्या पाण्याचे शंख आढळले. १८६० सालीं त्यांनीं शंखांबरोबर थरांचेंही वर्णन छापलें, म्हणूनच त्या शंखांना आज सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या काळांत जागा आहे.

आमच्या कपाटांत मात्र समुद्राचे विकतचे शंख! इकडे विटांसाठीं नदीकांठची माती खणली जाते, ती थरांसकट. तेव्हां दरडीच्या माथ्यापासून किती हात खालीं, हें आधीं वहींत लिहावें. शंख मग काढावा. पालकांनींही कौतुकापूर्वीं ती वही मागावी.