उंची विचारा, तळ बघा, मगच पैसे द्या

‘जुना लाकडी नंदी. तान्ह्या पोळ्याचा. दुर्मिळ. जसा आहे तसा.’ या नऊ शब्दांवर विश्वास ठेवून मी ऑनलाइन ३,८०० रुपये मोजले. खोक्यातून निघाला तळहातावर मावणारा नंदी. ओलं फडकं फिरवलं तर चहाच्या रंगाचं पाणी सुटलं आणि खाली पांढरंफेक लाकूड दिसलं. चाकांची भोकं गोल, कोरी. पोरांनी चार पोळे ओढलेल्या नंदीची भोकं झिजून लांबट होतात, कण्याभोवती काळा ओघळ येतो. हा नंदी अंगणभरही चाललेला नव्हता.

विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘फोटोत दिसतं तेच पाठवलंय.’ त्या फोटोत शेजारी ना पट्टी, ना नाणं, ना माणसाचा हात. उंची लिहिलेली नाही, कुठल्या घरातला हे नाही, डागडुजीचा उल्लेख नाही. हा विसरभोळेपणा म्हणून मी सोडून देणार नाही. जे लिहिलं ते खोटं ठरू शकतं, म्हणून काहीच लिहायचं नाही, असा हा हिशेबी धंदा आहे.

वस्तूच्या नोंदीचं मोल मला ठाऊक आहे, कारण मी घोड नदीच्या काठचा. याच नदीकाठी, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी पांढरीचा थर न् थर मोजला. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणबंद पेटी सापडली. आत एक स्त्रीमूर्ती, तर पेटीवर बिनडोक्याची दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटालाही भोक. मध्ये काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची ही देवता आणि तिचं वाहन, असं अभ्यासकांनी त्यावरून मांडलं.

हाच बैल कुणी चोरून उकरला असता तर? ‘मातीचं जुनं खेळणं, बैल, दुर्मिळ’ एवढ्यावर तो विकला गेला असता. मूर्ती एकीकडे, पेटी कचऱ्यात, आणि देवीचं वाहन कुणाच्या तरी काचेच्या कपाटात मुकं बसलं असतं. वस्तूची किंमत तिच्या ठावठिकाण्यात असते. तो पुसणारा माणूस माझा खिसा कापतोच, शिवाय इतिहासही मारतो.

म्हणून ‘प्राचीन मातीची खेळणी’ विकणाऱ्यांना माझा थेट सवाल आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. तुमचा माल खरा असेल तर परवाना दाखवा. खोटा असेल तर ती उघड फसवणूक आहे. तिसरी वाट नाही.

आणि ज्यांच्या संकेतस्थळावर हा बाजार भरतो त्यांनीही हात झटकू नयेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. ‘जुन्या वस्तूला परतावा नाही’ ही पाटी नियमापुढे टिकत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

पण आधी आपण गिऱ्हाइकांनी सुधारायला हवं. ‘एकच शिल्लक’ वाचलं की आपला हात सुटतो. मोह आवरा. सेंटिमीटरमध्ये उंची मागा, वजन मागा. तळाचे, सांध्यांचे, खिळ्यांचे फोटो मागा. कुणाकडून आलं ते लेखी मागा. खोकं उघडताना चित्रण करा. साधी उंची सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

मी भांडून पैसे परत मिळवले. नंदी न्यायला कुणी आलं नाही. उद्या माझ्या माघारी तो पुन्हा कुणाच्या गळ्यात ‘दुर्मिळ’ म्हणून पडू नये, यासाठी त्याच्या पोटाखाली न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवलं आहे : नवं लाकूड, चढवलेला रंग, उंची ९ सें.मी.