चंद्रावर न उतरलेले प्रवासी

कादंबरी वाचून संपली म्हणजे वाचकाचे मन तिच्या शेवटापाशी घोटाळत राहते. शेवट मनाजोगा झाला, तर मधले दोष तो विसरून जातो. शेवटाने निराशा केली, तर मधले गुणही त्यास आठवेनासे होतात. हा न्याय कितपत योग्य आहे, हे एका प्रसिद्ध विज्ञानकादंबरीच्या उदाहरणाने पाहता येईल.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६५ साली पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची एक अद्भुत कथा लिहिली. भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या; त्यांपैकी ही कथा ‘चंद्रावर स्वारी’ या नावाने मराठीत आली.

मूळ कथा अशी आहे. अमेरिकेतील यादवी युद्ध संपते आणि तोफांवाचून करमेनासे झालेली काही मंडळी चंद्रावर गोळा मारण्याचा बेत करतात. फ्लोरिडा प्रांतात जमिनीत नऊशे फूट लांबीची तोफ ओतली जाते. ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात बार्बिकेन, निकोल आणि आर्दाँ हे तिघे धाडसी पुरुष बसतात. तोफ उडते. आता ते चंद्रावर उतरणार, तेथे काय काय पाहणार, अशी उत्कंठा शिगेला पोहोचते. परंतु गोळ्याची वाट चुकते आणि तो चंद्राभोवती फिरू लागतो. तिघे जिवंत आहेत की नाहीत, हेही न कळता पुस्तक संपते! पुढील भाग १८६९ साली प्रसिद्ध होऊ लागला. म्हणजे पहिल्या वाचकांना चार वर्षे वाट पाहावी लागली. त्या भागातही प्रवासी चंद्रावर उतरत नाहीतच. चंद्राला वळसा घालून ते परततात आणि पॅसिफिक महासागरात येऊन पडतात.

अशा शेवटाविषयी वाचकांत दोन तट पडावेत, हे स्वाभाविक आहे. एक पक्ष म्हणतो, “चंद्राची आशा दाखवून लेखकाने शेवटी समुद्र दाखविला. ताट वाढून समोर ठेवावे आणि पहिला घास घेण्यापूर्वीच ते उचलून न्यावे, तसे हे झाले.” दुसरा पक्ष म्हणतो, “लेखकाने वाचकाच्या हौसेपेक्षा विज्ञानाची बूज राखली. याहून निराळा शेवट खोटा ठरला असता.”

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. अक्कलकोट हे पूर्वी भोसले घराण्याच्या संस्थानाचे गाव होते. तेथील राजघराण्याच्या शस्त्रसंग्रहातील जुन्या बंदुका पाहणाऱ्या मुलालाही एक गोष्ट सहज उमगेल. बंदुकीतून सुटलेली गोळी कोणी बोलावले म्हणून माघारी येत नाही. तिला ढकलणारी शक्ती बंदुकीपाशीच राहिलेली असते. व्हर्नची अडचण नेमकी हीच होती. प्रवासी चंद्रावर उतरले असते, तर त्यांना तेथून परत पाठविण्यास दुसरी तोफ कोठून आणावयाची? आर्दाँला परतीच्या वाटेविषयी विचारले जाते, तेव्हा तो आपण परत येणारच नाही असे हसत सांगतो. म्हणजे या शेवटाची चाहूल लेखकाने आधीच दिली होती. पुढे १९०१ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने गुरुत्वाकर्षण अडविणारा एक काल्पनिक पदार्थ निर्माण केला आणि आपले प्रवासी खुशाल चंद्रावर उतरविले. परंतु तसा पदार्थ जगात कोणासही सापडलेला नाही.

मग पहिल्या पक्षाची तक्रार अगदीच निराधार आहे काय? तसेही नाही. गोळ्याची वाट का चुकते? वाटेत एक भटका अशनी अकस्मात जवळून जातो आणि त्याच्या आकर्षणाने गोळा बाजूला ओढला जातो. या अशनीचा पहिल्या भागात मागमूसही नाही. जी गोष्ट कथेत कोठेही पेरलेली नाही, तिने कथेचे भवितव्य ठरवावे, हा दोषच होय. आणि लेखक कितीही थोर असला तरी तो दोष दाखविण्याचा वाचकास पूर्ण अधिकार आहे.

येथे दोन तक्रारींतील भेद ध्यानात घ्यावा. ‘मला हवे होते ते घडले नाही’ ही एक तक्रार. ‘जे घडले ते कथेतून उगवले नाही’ ही दुसरी. पहिली वाचकाच्या इच्छेविषयी सांगते, दुसरी पुस्तकाविषयी सांगते. प्रवासी चंद्रावर उतरावयास हवे होते, ही पहिल्या प्रकारची तक्रार आहे; अशनी आयत्या वेळी आणला, ही दुसऱ्या प्रकारची. पुस्तकाचा न्याय करताना दुसरीलाच वजन द्यावे. निराश होणे हा वाचकाचा दोष नव्हे. परंतु निराशेचे कारण न शोधता पुस्तकास नावे ठेवणे हा मात्र दोष आहे.

कथेनंतर शंभर वर्षांनी जे घडले, तेही या वादात विचारात घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९६८ मध्ये ‘अपोलो ८’ या यानातून तीन अंतराळवीर फ्लोरिडातूनच निघाले. त्यांनी चंद्राभोवती दहा प्रदक्षिणा घातल्या. ते चंद्रावर उतरले नाहीत आणि परत येऊन पॅसिफिक महासागरातच पडले. त्या प्रवासास कोणीही फसलेला म्हटले नाही. पुढे जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ चे दोन वीर चंद्रावर उतरले, कारण तेथून वर उठण्यासाठी त्यांच्या यानात स्वतंत्र इंजिन होते. व्हर्नच्या प्रवाशांपाशी जे नव्हते, ते यांच्यापाशी होते.

म्हणून एखाद्या कादंबरीचा शेवट आवडला नाही, तर ती रागाने मिटून ठेवू नये. पुन्हा पहिली पाने उघडावीत आणि त्या शेवटाचे बी तेथे कोठे पेरले आहे काय, हे शोधावे. ते सापडले, तर मत बदलण्यास कमीपणा मानू नये. न सापडले, तर आपले मत निर्भयपणे, पण कारणांसह मांडावे. चांगल्या लेखकाला नुसत्या स्तुतीपेक्षा असा वाचक अधिक मोलाचा वाटतो.