ओस्टारा, पाडवा आणि अंगणातली काठी

मार्च उजाडला की आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. इंग्लंड-अमेरिकेतले निसर्गपूजक, म्हणजे पेगन मंडळी, 20-21 मार्चला ‘ओस्टारा’ नावाचा वसंताचा सण करतात आणि तो म्हणे आपला चोरलेला गुढीपाडवा! खाली नमस्कारांची रांग. यंदा पुतण्याने विचारले, “काका, तुम्ही गप्प का?” म्हणून हे लिहितो.

मंडळी, चोरी वगैरे काही नाही. ईओस्टर देवीचा उल्लेख आठव्या शतकात बीड या इंग्रज साधूने केला, तोही ओझरता. त्यावरून याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने 1835 मध्ये ‘ओस्टारा’ हे नाव तर्काने मांडले. वसंतसंपाताच्या सणाला ते नाव मिळाले 1970 च्या दशकात. म्हणजे या नावाचा सण माझ्यापेक्षा धाकटा! पण त्यांचा दिवस सूर्य ठरवतो, हे कबूल करायला हवे.

आपला पाडवा चंद्रावर चालतो. 2023 मध्ये तो 22 मार्चला आला, 2024 मध्ये 9 एप्रिलला, 2026 मध्ये 19 मार्चला. त्यात उणे काही नाही, पण तो संपाताचा सण नव्हे. सूर्याची म्हणून आपण संक्रांत करतो, तर सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो 14-15 जानेवारीला. कारण पंचांग ताऱ्यांवरून राशी मोजते आणि संपातबिंदू दर 72 वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. याच सरकण्यावरून टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये वेदकाळ मांडला.

बरे, संपाताला धरून वर्ष सुरू करणारी दिनदर्शिका आपल्याकडे नाही का? आहे! मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 ला, म्हणजे 1 चैत्र शके 1879 ला, ती देशाने स्वीकारली. सरकारी राजपत्रावर तिची तारीख छापतात. परक्यांची चोरी शोधणाऱ्यांपैकी किती जणांना आजची ती तारीख सांगता येईल?

दोष माझाही आहे. ‘21 मार्चला दिवस-रात्र समान’ हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, पण एकदाही मुलांना मैदानात नेले नाही. निवृत्तीनंतर नातवाबरोबर अंगणात मीटरभर काठी रोवली. दुपारी बारा-चाळीसच्या सुमारास सावली भरली सुमारे 35 सेंटिमीटर. दिवसभर तिच्या टोकावर खडे ठेवत गेलो, ते पश्चिम-पूर्व सरळ रेषेत आले. दुसऱ्या दिवशी नातवाने पेपरातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांची वजाबाकी केली. दिवस बारा तासांहून सहा-सात मिनिटे मोठा! सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, शिवाय हवा किरण वाकवते, म्हणून असे होते. फळ्यावरचे माझे वाक्यही ढोबळच होते तर.

शेजारी खोडदला 30 अजस्र अँटेना आकाशाचा वेध घेत उभ्या आहेत आणि आपण पिंपळवंडीकर आलेले निरोप पुढे ढकलतो! पाडव्याला गुढी उभारूच. पण 20-21 मार्चला पोरांना घेऊन अंगणात काठीही रोवा. अभिमान बाळगायचा तर तो स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा असावा.

असो. पटले नाही तर खाली जरूर लिहा, पण आधी सावली मोजून या.